कृत्रिम खुब्याच्या वाटीची झीज कशी मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खुब्याचा सांधा बदललेले रुग्ण, त्यांची मुलं-सुना, अस्थिरोग विभागात नव्याने रुजू झालेले डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून मला पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक्स-रेवर झीज मोजणं हे माझं रोजचं काम. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एखादी गोष्ट आधी सांगून झाली असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. वाटी म्हणजे नेमकं काय, आणि त्यात झिजतं काय?

मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक आणि ते ज्या खोबणीत फिरतं ती कमरेच्या हाडातली जागा, असा आपला खुब्याचा सांधा असतो. शस्त्रक्रियेत गोळ्याच्या जागी धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा बसवतात आणि खोबणीत वाटी. आजकाल बहुतेक वेळा बाहेरून धातूचं कवच असतं आणि आत पॉलिइथिलीनचं अस्तर, ज्याला सगळे लायनर म्हणतात. जुन्या पद्धतीत अख्खी वाटीच पॉलिइथिलीनची असते आणि ती सिमेंटने बसवतात. गोळा कठीण आणि अस्तर मऊ, त्यामुळे झीज जवळजवळ सगळी अस्तराची होते. गोळा हळूहळू त्यात रुतत जातो, बहुधा वरच्या बाजूला, कारण शरीराचा भार तिथेच पडतो.

२. वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग झिजला तर बिघडतं काय? अस्तर तर कितीतरी जाड असतं.

अस्तर आरपार झिजण्याची वेळ क्वचितच येते. त्रास होतो तो झिजून निघालेल्या भुकटीचा. हे कण बहुतेक एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. शरीरातल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्या जे रासायनिक संदेश सोडतात, त्यांनी आजूबाजूचं हाड विरघळू लागतं. याला ऑस्टिओलिसिस म्हणतात. हाड पोखरलं की चांगली बसलेली वाटीही सैल होते.

वाईट गोष्ट अशी की, हे होत असताना बऱ्याचदा काहीही दुखत नाही. माणूस चालतो-फिरतो आहे, जिने चढतो आहे, आणि आत वाटीच्या मागे पोकळी वाढते आहे. म्हणून दुखत नसतानाही मोजायचं.

३. एक्स-रेत प्लास्टिक दिसतच नाही. मग झीज दिसते कशी?

प्लास्टिक दिसत नाही हे बरोबर. पण गोळा दिसतो आणि धातूचं कवचही दिसतं. त्या दोघांमधली काळसर फट म्हणजे अस्तर. अख्ख्या प्लास्टिकच्या वाटीत एक तार बसवलेली असते, ती एक्स-रेत अर्धवर्तुळासारखी उमटते आणि कवचाचं काम करते.

नवीन सांध्यात सहसा गोळ्याचा केंद्रबिंदू आणि वाटीचा केंद्रबिंदू एकाच जागी असतात. अस्तर झिजलं की गोळ्याचं केंद्र सरकतं. आपण मोजतो ते हे सरकणं. फट वर अरुंद आणि खाली रुंद झाली असेल, तर नुसत्या डोळ्यालाही कळतं. पण तेवढं दिसायला झीज बरीच झालेली असावी लागते.

४. ही मोजणी सुरू कुठे झाली?

इंग्लंडमध्ये, लँकेशायरमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात, शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांच्याकडे. आणि ती एका मोठ्या अपयशातून सुरू झाली, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

१९५८ पासून चार्नली वाटीसाठी टेफ्लॉन वापरत होते. घर्षण अगदी कमी, रुग्ण खूश. सुमारे तीनशे शस्त्रक्रिया झाल्या. दोन-तीन वर्षांत एक्स-रेत गोळे वाटीत खोल रुतलेले दिसू लागले आणि सांध्याभोवती टेफ्लॉनच्या भुकटीने गाठी झाल्या. एकेक रुग्णाला बोलावून त्या वाट्या काढाव्या लागल्या. चार्नली यांनी टेफ्लॉनचे आणि पॉलिइथिलीनचे नमुने स्वतःच्या मांडीत टोचून घेतले आणि काही महिने वाट पाहिली. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या.

पॉलिइथिलीन त्यांच्यापर्यंत पोहोचलं ते यंत्रमागाचे गिअर करण्याचा माल म्हणून, एका विक्रेत्याच्या हातून. चार्नली यांना ते पटलं नव्हतं. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तरीही तो तुकडा झीजयंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस यंत्र चाललं, तरी टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं तेवढंही हे झिजलं नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये पहिली पॉलिइथिलीनची वाटी रुग्णाला बसली. कमी घर्षण म्हणजे कमी झीज नव्हे, हा धडा तिथे मिळाला. मला स्वतःला यात क्रेव्हन यांचं मोल फार वाटतं. वरिष्ठांनी नको म्हटलेली वस्तू त्यांनी मोजून पाहिली.

५. हाताने मोजायची पद्धत कशी असते?

पारदर्शक पत्र्यावर एकात एक वर्तुळं छापलेली असतात. तो पत्रा फिल्मवर सरकवत गोळ्याच्या कडेशी तंतोतंत जुळणारं वर्तुळ शोधायचं आणि टोकदार पेन्सिलने केंद्राचा ठिपका द्यायचा. त्या ठिपक्यापासून वाटीच्या कडेपर्यंतचं सगळ्यात कमी अंतर कॅलिपरने घ्यायचं. मग शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या फिल्मवर त्याच रेषेत तेच अंतर घ्यायचं. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे झीज. मेयो क्लिनिकच्या लिव्हरमोर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली ही पद्धत अजून शिकवली जाते. चार्नली यांच्याकडे आधी एकाच फिल्मवर मोजत. नंतर हॅली यांच्यासोबत त्यांनी दोन फिल्मांची तुलना सुरू केली.

पेन्सिलचा ठिपका किती जाड असतो, हे या कामात कळतं. ठिपक्याच्या एका कडेवर कॅलिपरचं टोक ठेवलं की एक आकडा, दुसऱ्या कडेवर ठेवलं की दुसरा. सरावलेल्या हातानेसुद्धा दोन वेळा मोजल्यावर काही दशांश मिलिमीटरचा फरक पडतो.

६. एक्स-रेत सगळं मोठं दिसतं. मग खरा आकडा कसा काढतात?

गोळ्यावरून. गोळ्याचा खरा व्यास आपल्याला माहीत असतो, कारण तो कारखान्यात ठरलेला आहे. समजा २८ मिलिमीटरचा गोळा फिल्मवर ३३.६ भरला. म्हणजे चित्र १.२ पट मोठं आहे. त्याच फिल्मवर केंद्र १.८ मिलिमीटर सरकलेलं दिसलं, तर खरं सरकणं १.८ भागिले १.२, म्हणजे १.५ मिलिमीटर.

म्हणूनच मी प्रत्येकाला विचारतो, 'गोळा किती नंबरचा?' शस्त्रक्रियेच्या वेळी प्रत्येक भागाच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवतात. त्या पानाचा फोटो काढून ठेवा. फाइल हरवते, फोटो राहतो.

७. माझ्याकडे आत्ताचा एकच एक्स-रे आहे. त्यावरून सांगता येईल का?

अंदाज सांगता येईल, मोजमाप नाही. एका फिल्मवर मोजताना आपण धरून चालतो की, पहिल्या दिवशी दोन्ही केंद्रं एकाच जागी होती. सगळ्या वाट्यांत तसं नसतं. काही अस्तरं मुद्दाम एका बाजूला जाड केलेली असतात, म्हणजे गोळा थोडा बाहेर बसतो. अशी कोरी करकरीत वाटीसुद्धा एका फिल्मवर झिजल्यासारखी दिसते.

माझं सगळ्यांना एकच कळकळीचं सांगणं आहे: शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे जपा. झीज ही दोन फिल्मांमधली वजाबाकी आहे. पहिली फिल्म गेली की वजाबाकीतली वरची ओळच पुसली जाते, मग पुढे कितीही चांगलं यंत्र आणा. आपल्याकडे रुग्णालयं फिल्म रुग्णाच्याच हातात देतात, म्हणजे जपणारेही आपणच. कोकणातून आलेल्या एका आजींच्या मुलाने दहा वर्षांच्या फिल्मा एका पिशवीत आणल्या होत्या. पावसाळी ओलीने त्या एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. सोडवताना नेमका वाटीच्या कडेचाच थर निघाला. फिल्मा उभ्या ठेवा, मध्ये कोरा कागद घाला, आणि डिजिटल एक्स-रे असेल तर सीडी मागून घ्या.

८. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर चालेल का?

सांधा जागेवर आहे की नाही एवढं पाहायला चालेल. मोजायला नाही. ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेल्या फोटोत फिल्म किंचित वाकलेली असते, मोबाइल तिरका असतो, आणि गोल गोळा लंबगोल होतो. आपण शोधतोय दशांश मिलिमीटर. डिजिटल एक्स-रेची मूळ फाइल (डायकॉम) किंवा खरी फिल्म हवी.

९. एक्स-रे काढताना काय सांगावं?

दोन्ही खुबे दिसतील असा कमरेचा समोरून घेतलेला एक्स-रे, पायाचे अंगठे थोडे आतल्या बाजूला वळवून. शक्यतो आधी काढला त्याच ठिकाणी, तेवढ्याच अंतरावरून. आधीचा उभ्याने काढला असेल तर पुढचाही उभ्याने, झोपून असेल तर झोपून. किरणांचा मध्य एकदा कमरेच्या मधोमध आणि एकदा खुब्यावर असला, तर वाटीचा आकार वेगळा उमटतो आणि तुलना बिघडते. मागचा एक्स-रे सोबत न्या आणि तंत्रज्ञांना दाखवा. 'असाच हवा' या दोन शब्दांनी निम्मं काम होतं.

१०. संगणकावर मोजलं की चूक होत नाही ना?

कमी होते. संगणक गोळ्याची आणि कवचाची कडा शेकडो बिंदूंवर पकडतो आणि त्यांतून वर्तुळ बसवतो, म्हणजे पेन्सिलच्या ठिपक्याचा प्रश्न मिटतो. शिकागो विद्यापीठात मार्टेल यांनी केलेली प्रणाली यासाठी जगभर वापरली गेली. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची इब्रा पद्धत मुळात वाटी स्वतः हाडात सरकते आहे का हे पाहण्यासाठी तयार झाली. पण फिल्मच तिरकी असेल, तर संगणक चुकीचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत देतो. दशांश स्थळं जास्त दिसली म्हणून आकडा अचूक होत नाही.

११. सगळ्यात अचूक पद्धत कोणती?

जिवंत माणसात आरएसए, म्हणजे रेडिओस्टिरिओमेट्रिक ॲनालिसिस. स्वीडनमधल्या लुंडचे ग्योरान सेल्विक यांनी १९७४ मध्ये ती मांडली. शस्त्रक्रियेच्या वेळीच हाडात आणि अस्तरात टँटलमचे ०.८ किंवा १ मिलिमीटरचे मणी पेरतात. नंतर दोन एक्स-रे नळ्यांनी एकाच क्षणी दोन कोनांतून चित्र घेतात. रुग्णाच्या खाली ज्ञात बिंदूंचा पिंजरा असतो. दोन्ही चित्रांवरून प्रत्येक मण्याची त्रिमितीतली जागा काढता येते आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही लहान हालचाल पकडता येते. मणी आधीच पेरलेले हवेत, म्हणून ही पद्धत संशोधनात चालते, रोजच्या ओपीडीत नाही.

१२. पहिल्याच वर्षी ०.२ मिलिमीटर आली. वाटी खराब निघाली का?

बहुतेक नाही. नवीन अस्तर पहिल्या एक-दीड वर्षात भाराखाली दबतं. कापसाच्या नव्या गादीचं जसं होतं तसंच. गोळा सरकतो, पण कण निघत नाहीत. याला क्रीप म्हणतात. एक्स-रेवर क्रीप आणि झीज वेगळी दिसत नाही, दोन्हींत गोळाच सरकतो.

मी समजावताना कागदावर मांडतो ते उदाहरण असं. सहाव्या आठवड्यात केंद्र ०.१ मिलिमीटर सरकलेलं, एका वर्षाने ०.३, दोन वर्षांनी ०.४, नऊ वर्षांनी १.१. पहिलं वर्ष पाहिलं तर दर जवळजवळ ०.२ वाटतो आणि घरात रडारड होते. पण पहिल्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंत आठ वर्षांत ०.८, म्हणजे वर्षाला ०.१. खरा दर हा. म्हणून एका वर्षाची फिल्मही पहिल्या फिल्मइतकीच मोलाची. बऱ्याच घरांत नेमकी तीच काढलेली नसते, कारण तोवर रुग्ण छान चालायला लागलेला असतो.

१३. मग किती झीज चालते?

अनेक अभ्यासांतून ०.१ मिलिमीटर प्रतिवर्ष हा उंबरठा पुढे आला. त्याखाली हाड पोखरण्याचं प्रमाण फार कमी आणि ०.०५ च्या खाली जवळजवळ नाहीच. ही लक्ष्मणरेषा नाही. ०.१२ असूनही हाड शाबूत असलेले लोक मी पाहतो. पण ०.१ च्या वर दर टिकून राहिला, तर डॉक्टर एक्स-रे जवळजवळच्या अंतराने काढायला सांगतात आणि शंका असेल तर सीटी स्कॅन. पोखरलेलं हाड सीटीत एक्स-रेपेक्षा खूप चांगलं दिसतं.

१४. शेजाऱ्यांची आणि माझी झीज सारखीच आहे, पण त्यांना डॉक्टर जास्त जपायला सांगतात. का?

गोळ्याचा नंबर विचारा. आत्तापर्यंत आपण बोललो ती लांबीतली झीज. कण किती निघाले हे घनफळावर ठरतं, आणि ते ढोबळमानाने असं: पाय (π, ३.१४) गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले सरकलेलं अंतर. जेवढा गोळा मोठा, तेवढंच सरकला तरी जास्त माल खरवडतो.

०.१ मिलिमीटर झिजेला चार्नली यांचा २२.२२५ मिलिमीटरचा गोळा सुमारे ३९ घन मिलिमीटर काढतो. २८ चा सुमारे ६२, ३२ चा सुमारे ८०, आणि ३६ चा सुमारे १०२. म्हणजे ३६ चा गोळा अडीचपटीहून जास्त. चार्नली यांनी गोळा लहान ठेवला होता, त्याचं एक कारण हेच. मोठ्या गोळ्याचा फायदा वेगळा आहे, तो सहज निखळत नाही. सध्याच्या अस्तरांमुळे तो फायदा पदरात पाडून घेता येतो. ते पुढच्या उत्तरात.

१५. 'हायली क्रॉसलिंक्ड' लायनरसाठी जास्त पैसे घेतले. खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि या क्षेत्रातली ही मला सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते. पॉलिइथिलीनवर साधारण ५० ते १०० किलोग्रे इतका किरणोत्सर्ग सोडला की त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि झीज खूप घटते. नंतर ते तापवून उरलेली मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स) निष्प्रभ करतात, किंवा ई जीवनसत्त्व मिसळतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ही अस्तरं वापरात आली. त्यांची स्थिर झीज बहुधा ०.०५ च्या खालीच राहते.

याउलट त्याआधीची बरीच अस्तरं हवेतच गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली असत. पुडीत पडून राहिली तरी त्यांचं ऑक्सिडेशन होई आणि ती ठिसूळ होत. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांनी तपासणी अजिबात टाळू नये.

१६. झीज उणे आली! असं कसं?

वाटी भरून येत नाही. नवीन अस्तरांत खरी झीज इतकी कमी असते की, मोजण्यातली चूक तिच्यापेक्षा मोठी ठरते. मग आकडा कधी +०.०८ येतो, कधी −०.०५. हा उणे आकडा खोडून शून्य लिहू नका, ही नव्या डॉक्टरांना माझी विनंती. सगळे उणे खोडले आणि सगळे अधिक ठेवले, तर सरासरी उगाच वाढते. एका रुग्णाचा अंदाज हवा असेल तर तीन-चार फिल्मा घ्या आणि त्यांतून जाणारी रेषा पाहा.

१७. खाली मांडी घालून बसल्याने, चालण्याने झीज वाढते का?

झीज वर्षांवर नाही, वापरावर होते. पासष्टीच्या माणसापेक्षा चाळिशीतला माणूस कितीतरी जास्त पावलं टाकतो. आपल्याकडे मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा बंद पडल्यामुळे तरुण वयातच सांधा बदलावा लागलेले रुग्ण खूप आहेत, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. पण म्हणून चालणं सोडू नका. न चालण्याचं नुकसान जास्त आहे.

मांडी घालून आणि उकिडवं बसण्याचा मुख्य धोका झिजेचा नसून गोळा निखळण्याचा किंवा सांध्याची मान वाटीच्या काठावर आपटण्याचा. परवानगी कुणाला द्यायची, हे वाटीच्या कोनावर आणि गोळ्याच्या नंबरावर ठरतं. ते ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच विचारा.

१८. कंपन्या बाजारात आणण्याआधी झीज कशी तपासतात?

सिम्युलेटरवर. आयएसओ १४२४२ या मानकाप्रमाणे सांधा ३७ अंश तापमानाच्या, वासराच्या रक्तद्रवाच्या मिश्रणात बुडवून चालण्यासारखा हलवतात. भार प्रत्येक पावलाला ३००० न्यूटनपर्यंत जातो. सेकंदाला एक पाऊल, एकूण पन्नास लाख पावलं. न थांबता चालवलं तरी ५८ दिवस. दहा लाख पावलं म्हणजे ढोबळमानाने एक वर्ष. मध्ये मध्ये वाटी काढून, धुऊन, वाळवून वजन करतात. पॉलिइथिलीन द्रव शोषतं आणि जड होतं, म्हणून शेजारी तशीच दुसरी वाटी न हलवता नुसती भिजत ठेवतात आणि तिचं वाढलेलं वजन हिशेबात धरतात. यंत्रातला माणूस अडखळत नाही, जिना चढत नाही, बसमागे धावत नाही. म्हणून यंत्रावरचा निकाल चांगला आला तरी रुग्णांमधली मोजणी थांबवता येत नाही.

१९. माझा सांधा धातूवर धातू आहे. एक्स-रेवर झीज दिसेल का?

नाही. दोन्ही धातू, मध्ये फट नाही, गोळ्याची कडाच दिसत नाही. इथे रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम तपासतात. २०१० मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकांनी लिटरला ७ मायक्रोग्रॅम ही सावधगिरीची पातळी सांगितली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेप्यू कंपनीचे एएसआर सांधे जगभरातून परत बोलावले गेले. भारतातही ते अनेकांना बसले होते आणि केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीला भरपाईचा प्रश्न हाताळावा लागला. तुमच्या फाइलवर हे नाव असेल, तर दुखत नसलं तरी तपासणी करून घ्या.

सिरॅमिकवर सिरॅमिक असेल तर झीज इतकी सूक्ष्म की एक्स-रेवर मोजण्यात अर्थ नाही.

२०. अस्तर पॉलिइथिलीनचं आहे, झीज नगण्य, तरी रक्तात कोबाल्ट वाढलंय. कुठून आलं?

धातूचा गोळा मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसवलेला असतो. तो जोड गंजू शकतो. वाटीची मोजणी इथे काहीच सांगणार नाही. आकडा चांगला आला म्हणून गप्प बसू नका, शल्यचिकित्सकांना दाखवा.

२१. मागच्या वर्षीपर्यंत सगळं ठीक, आणि आता गोळा एकदम दोन मिलिमीटर सरकलेला. एवढी झीज एका वर्षात?

झीज अशी उडी मारत नाही. अस्तराला तडा गेला असेल, किंवा ते कवचातून सुटलं असेल. सोबत कटकट आवाज किंवा घासल्यासारखं वाटत असेल तर वाट पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवा. इथे दर काढत बसू नये.

२२. ड्युअल मोबिलिटी वाटीत हीच पद्धत चालते का?

नीटशी नाही. फ्रान्समधल्या सेंट-एतिएनच्या जिल बुस्के यांनी १९७० च्या दशकात आणलेल्या या रचनेत अस्तर स्वतःच कवचात फिरतं. म्हणजे झीज आतूनही आणि बाहेरूनही. आज जी बाजू वर आहे ती उद्या बाजूला असते, त्यामुळे प्रश्न ५ मधली 'त्याच रेषेत मोजा' ही अटच पाळता येत नाही. कवचात घट्ट बसणाऱ्या साध्या अस्तराचीही मागची बाजू थोडी झिजू शकते, आणि तीही एक्स-रेत वेगळी ओळखता येत नाही.

२३. वडिलांचं लायनर बदललं. काढलेलं जुनं लायनर मागून घ्यावं का?

ते प्रयोगशाळेत जाणार असेल, तर तिथे जाऊ द्या. निर्देशांक मोजणाऱ्या यंत्राची सुई त्याच्या आतल्या पृष्ठभागावर हजारो बिंदूंना स्पर्श करते आणि मूळ गोल कुठे होता, झिजेचा खळगा कुठे आहे, हे मायक्रॉनमध्ये सांगते. एक्स-रेवर आम्ही काढलेला आकडा कितपत बरोबर होता, हे तपासायची तीच जागा. घरी नेणार असाल तर आधी रुग्णालयाकडून निर्जंतुक करून घ्या. मग खिडकीपाशी धरा आणि आतून अंगठा फिरवा. मूळ पृष्ठभागावर यंत्राने कातल्याच्या बारीक गोल रेषा अजून लागतात आणि मग एका धारेपाशी त्या अचानक संपतात. धारेपलीकडचा भाग आरशासारखा गुळगुळीत असतो. वडिलांचं सगळं चालणं तिथे झालेलं आहे.